आकाश कोणाचे? ड्रोन उडविण्याआधी वाचावयाचा धडा



शाळेच्या मागच्या क्रीडादिनाला घडलेली गोष्ट तुमच्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहे. संचलन चालू असताना एका हौशी पालकांनी वरून छायाचित्रे घेण्यासाठी आपला छोटा ड्रोन उडविला. मुले टाळ्या वाजवीत होती, आम्हीही कौतुकाने वर पाहत होतो. मैदानाच्या कडेच्या कडुनिंबावर उत्तरायणातला मांजा अजून लोंबकळत होता. ड्रोनचे पाते त्यात अडकले आणि तो गरगरत खाली आला. बालवाडीची रांग तेथून चार पावलांवर उभी होती. कोणाला काही लागले नाही, ही देवाची कृपा.

त्यानंतरच्या सभेत दोन मते पडली. काही विश्वस्त म्हणाले, "हे यंत्र शाळेच्या फाटकाच्या आत नकोच." काही पालक म्हणाले, "अहो, खेळणेच ते. त्याला कसला आलाय कायदा?" तिकडे नववीची मुले विज्ञान प्रदर्शनासाठी स्वतः ड्रोन तयार करीत होती, त्यांचे चेहरे उतरले. तेव्हा आम्ही ठरविले की, मत देण्याआधी नियम वाचावेत. वाचल्यावर कळले की दोन्ही बाजू अर्ध्या चुकत होत्या, आणि सर्वांत मोठी चूक आमचीच होती. ती कोणती, हे पुढे येईलच.

पतंगसुद्धा विमानच!

आपल्या देशात १९३४ साली विमान अधिनियम झाला. त्यात 'विमान' या शब्दाची व्याख्या फार गमतीची होती. हवेच्या प्रतिक्रियेने ज्याला आधार मिळतो असे यंत्र म्हणजे विमान, आणि त्यात फुगे, हवाई जहाजे, ग्लायडर यांच्याबरोबर चक्क पतंगही मोजला होता. बडोद्याच्या गच्चीवर वाढलेल्या आपणा सर्वांना हे वाचून हसू येईल. पण त्यामागचा विचार साधा आहे. आकाशात जे जाते ते दुसऱ्याच्या वाटेत येऊ शकते, म्हणून त्याची गणती कायद्यात हवी. हा जुना अधिनियम आता गेला. त्याच्या जागी केलेला भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ हा १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला आहे.

ड्रोन म्हणजे वैमानिक आत न बसता उडणारे विमान. आपल्याकडे त्याच्या नियमांचा प्रवास थोडा वळणावळणाचा झाला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, सामान्य नागरिकांना ड्रोन उडविण्यास मनाईच केली होती. १ डिसेंबर २०१८ पासून नियमांच्या चौकटीत परवानगी मिळू लागली. मार्च २०२१ मध्ये नवे नियम आले, पण ते फार किचकट होते. २५ प्रकारचे अर्ज आणि ७२ प्रकारची शुल्के! अखेर २५ ऑगस्ट २०२१ रोजी 'ड्रोन नियम, २०२१' जाहीर झाले. अर्ज ५ वर आले आणि शुल्काचे प्रकार ४ वर. आज आपण ज्यांचा अभ्यास करणार आहोत ते हेच नियम.

केंद्राचे काय, राज्याचे काय?

नागरिकशास्त्राच्या तासाला तुम्ही संघसूची आणि राज्यसूची पाठ करता. त्याचा उपयोग येथे होतो. घटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीतील २९ वी नोंद विमाने, हवाई मार्ग आणि हवाई वाहतुकीचे नियमन यांची आहे. म्हणजे ड्रोन किती वजनाचा, किती उंच जावा, कोणी चालवावा हे ठरविणे केंद्राचे काम. गुजरातचा एक नियम, मध्य प्रदेशाचा दुसरा असे करता येत नाही, कारण आकाशाला जिल्ह्याची सीमा नसते.

परंतु राज्यसूचीतील पहिली नोंद सार्वजनिक सुव्यवस्थेची आणि दुसरी पोलिसांची आहे. म्हणून ड्रोनमुळे गर्दीला, शांततेला किंवा सुरक्षेला धोका असेल तर राज्याला हात घालता येतो. हे तीन प्रकारे होते.

एक, ड्रोन नियमांतच तशी सोय आहे. तातडीची गरज असेल तर राज्य शासन किंवा पोलीस एखादा भाग तात्पुरता 'लाल क्षेत्र' म्हणून जाहीर करू शकतात. हा आदेश एका वेळी ९६ तासांपेक्षा जास्त नसावा, तो पोलीस अधीक्षक किंवा त्यांच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापेक्षा खालच्याने काढू नये, आणि क्षेत्र उगाच मोठे आखू नये, असे नियम सांगतो.

दोन, भारतीय नागरी सुरक्षा संहितेचे कलम १६३. पूर्वी ज्याला आपण '१४४ कलम' म्हणत होतो तेच. त्याखाली जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त मनाईचा आदेश काढू शकतात. असा आदेश सामान्यतः दोन महिन्यांपर्यंत चालतो. पाहुण्यांचे दौरे, मोठ्या मिरवणुका, परीक्षा, निवडणुका अशा वेळी वर्तमानपत्रात येणारे जाहीरनामे बहुधा याच प्रकारचे असतात. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा होतो.

तीन, जागेचे नियम. अभयारण्यात जाण्यासाठी आणि तेथे छायाचित्रण करण्यासाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे वन विभागाची परवानगी लागते. आपली सहल जांबुघोड्याला गेली तर ही गोष्ट लक्षात ठेवावी.

राज्याने हात घातल्याचे ताजे उदाहरण आपल्याच गुजरातचे आहे. मे २०२५ मध्ये सीमेवर तणाव होता. ९ मे रोजी राज्य शासनाने जाहीर केले की १५ मेपर्यंत कोणत्याही समारंभात फटाके आणि ड्रोन वापरू नयेत. लग्नसराईचे दिवस होते. ज्या घरी मुहूर्त होते तेथे वरातीवरचे चित्रीकरण सोडून द्यावे लागले. ड्रोन तोच, मालक तोच, मैदान तेच. एका दिवशी जे चालते ते दुसऱ्या दिवशी चालत नाही, हा यातला धडा. म्हणून उडविण्याच्या दिवशीच चौकशी करावी.

वजनाचे पाच वर्ग

नियमांत ड्रोनचे वजनावरून पाच वर्ग केले आहेत.

१. नॅनो: २५० ग्रॅमपर्यंत
२. सूक्ष्म: २५० ग्रॅमच्या वर, २ किलोपर्यंत
३. लघु: २ किलोच्या वर, २५ किलोपर्यंत
४. मध्यम: २५ किलोच्या वर, १५० किलोपर्यंत
५. मोठा: १५० किलोच्या वर

येथे एक गणित करू. एका ड्रोनचे वजन २४९ ग्रॅम आहे. मुलांनी पात्यांना लागू नये म्हणून ३० ग्रॅमची जाळी बसविली. आता वर्ग कोणता? वजन मोजताना ड्रोनने वाहून नेलेले सामानही धरतात. २४९ अधिक ३० म्हणजे २७९ ग्रॅम. आपला नॅनो सूक्ष्म झाला! तेव्हा तराजूवर ठेवताना सर्व जोडून ठेवावा, खोक्यावरचा आकडा वाचून थांबू नये.

वर्गाप्रमाणे जबाबदारी बदलते. नॅनो ड्रोन चालविण्यास आणि हौसेखातर, म्हणजे धंद्यासाठी नव्हे, सूक्ष्म ड्रोन चालविण्यास दूरस्थ वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. बाकीच्यांना ते लागते. प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेचे प्रशिक्षण अशी अट आहे. ते दहा वर्षे चालते. नोंदणी डीजीसीएच्या संगणकीय व्यवस्थेवर होते आणि ड्रोनला मोटारीच्या पाटीसारखा विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो. त्याचे शुल्क नियमांत १०० रुपये ठेवले आहे. नॅनो सोडून इतर ड्रोनांना त्रयस्थ पक्षाचा विमाही लागतो. म्हणजे आपला ड्रोन दुसऱ्याच्या डोक्यावर किंवा गाडीवर पडला तर भरपाईची सोय हवी.

लग्नाचे किंवा स्नेहसंमेलनाचे चित्रीकरण पैसे घेऊन करणारा छायाचित्रकार हौशी नव्हे, व्यावसायिक आहे. सूक्ष्म ड्रोन आणला तरी त्याच्याजवळ प्रमाणपत्र असलेच पाहिजे. पालकांनी काम देताना छायाचित्रांचे नमुने पाहतो तसे हेही पाहावे.

आणखी एक गोष्ट परदेशी नातेवाइकांच्या कानावर घालावी. ९ फेब्रुवारी २०२२ च्या अधिसूचनेने तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठी अपवाद आहेत, सुट्या भागांवर ही बंदी नाही. पण मामांनी भाच्यासाठी हौसेने बॅगेत ड्रोन आणला तर तो कस्टममध्ये अडकू शकतो.

हिरवा, पिवळा, लाल

२४ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र शासनाने देशाचा हवाई नकाशा खुला केला. तो कोणालाही पाहता येतो. त्यात तीन रंग आहेत. चौकातल्या दिव्यांसारखेच समजा.

हिरवे क्षेत्र: येथे ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत, आधी परवानगी न घेता उडविता येते. चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ही मर्यादा २०० फूट, म्हणजे ६० मीटर आहे.

पिवळे क्षेत्र: हिरव्या क्षेत्राच्या या मर्यादेवरचे आकाश, आणि विमानतळाच्या कुंपणापासून ५ ते ८ किलोमीटरच्या पट्ट्यातले जमिनीपासूनचे सर्व आकाश. येथे हवाई वाहतूक नियंत्रण करणाऱ्या अधिकाऱ्यांची परवानगी लागते.

लाल क्षेत्र: येथे केंद्र शासनाच्या परवानगीवाचून उडविता येत नाही. विमानतळाच्या अगदी जवळचा भाग आणि संरक्षणाची ठिकाणे यात येतात.

आता बडोद्याचा विचार करा. हरणीचा विमानतळ शहराला लागूनच आहे. दक्षिणेला मकरपुऱ्यात हवाई दलाचे ठाणे आहे. आपली शाळा जुन्या शहरात. आम्ही नकाशावर शाळेचे मैदान शोधले, विमानतळाच्या कुंपणापासून अंतर मोजले. ते पाच किलोमीटरच्या आत भरले. म्हणजे लाल!

हीच ती आमची चूक. क्रीडादिनाचा ड्रोन मांज्यात अडकला नसता, व्यवस्थित उतरला असता, तरीसुद्धा ते उड्डाण नियमाविरुद्धच होते. ड्रोन २५० ग्रॅमच्या आतला होता म्हणून वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नव्हते, हे खरे. पण प्रमाणपत्राची सूट म्हणजे लाल क्षेत्रात शिरण्याची सूट नव्हे. नियम मोडल्यास ड्रोन नियमांत एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्या पालकांना आम्ही दोष देत नाही. मैदान शाळेचे, समारंभ शाळेचा, तेव्हा विचारणे आमचे कर्तव्य होते. ते आम्ही केले नाही, म्हणून हा लेख.

आमच्या अंगणावरचे आकाश आमचेच ना?

एका विद्यार्थिनीने विचारले, "जमीन शाळेची, मग तिच्यावरचे आकाश शाळेचे नाही का?" प्रश्न फार चांगला आहे. असाच प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९४६ साली आला होता. नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॉझबी नावाच्या कुटुंबाचे कोंबड्यांचे पालनघर होते. जवळच्या विमानतळावर उतरणारी लष्करी विमाने त्यांच्या जागेवरून अवघ्या ८३ फुटांवरून जात. आवाजाने घाबरून कोंबड्या भिंतींवर आदळत, जवळजवळ १५० मेल्या. धंदा बसला.

न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. जमिनीचा मालक म्हणजे अनंत आकाशाचा मालक ही जुनी समजूत आता टिकणार नाही, नाहीतर प्रत्येक विमानाला प्रत्येक शेतकऱ्याची परवानगी मागावी लागेल. पण जमिनीच्या लगतचे जे आकाश मालक आपल्या राहण्या-वापरण्यासाठी उपयोगात आणतो त्यावर त्याचा हक्क आहे. कॉझबी कुटुंबाचा भरपाईचा हक्क मान्य झाला. तेथेही उड्डाणाचे नियम मध्यवर्ती शासनाचे, आणि खासगी आयुष्य, जमीन, पोलीस यांविषयीचे पुष्कळ कायदे घटक राज्यांचे, अशी विभागणी आहे. देश वेगळा, पण गुंता तोच.

आपल्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. ड्रोनला डोळा असतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे किंवा टिपणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. मग ते खिडकीतून असो वा आकाशातून. शेजारच्या गच्चीवर कोणी पापड वाळवीत असेल, कोणी केस सुकवीत असेल, त्यांना न विचारता त्यांच्यावर कॅमेरा नेणे हे असंस्कृतपणाचे आहे. ते समजायला कलम कशाला हवे?

मग नववीच्या मुलांचे काय?

आता चांगली बातमी. ड्रोन नियमांनी शिक्षणसंस्थांकडे ममतेने पाहिले आहे. शासनमान्य शिक्षणसंस्थेने संशोधन आणि विकासासाठी ड्रोन उडविला तर त्याला प्रकार-प्रमाणपत्र, ओळख क्रमांक, आधीची परवानगी आणि वैमानिकाचे प्रमाणपत्र यांतून सूट आहे. अट एवढीच की, उड्डाण हिरव्या क्षेत्रात हवे आणि ते संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत हवे.

आपले मैदान लाल क्षेत्रात असल्याने ही सूट येथे उपयोगी पडत नाही. परंतु शहरापासून दूर, विमानतळापासून १२ किलोमीटरच्या पलीकडे, मोकळे शेत मिळू शकते. मालकाच्या लेखी संमतीने ते दिवसभरासाठी शाळेच्या ताब्यात घेऊन मुलांना प्रयोग करता येईल. यंत्र शाळेत जोडावे, उड्डाण शेतावर करावे. प्रदर्शनात ड्रोन टेबलावर राहील आणि शेतावर केलेले चित्रीकरण शेजारी दाखविता येईल.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारेल. ड्रोन केवळ लग्नाच्या वरातीसाठी नाही. २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून घरांच्या मालकीचे कागद देण्याचे काम हाती घेतले गेले. सप्टेंबर २०२१ मध्ये तेलंगणातील विकाराबाद येथे ड्रोनने औषधे आणि लस पोहोचविण्याचा प्रयोग झाला. महिला बचत गटांना शेतीफवारणीसाठी ड्रोन देण्याची योजना नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली, तिचे लक्ष्य १५,००० गटांचे आहे. आज जे मूल मोटारीला पाते बसवायला शिकेल त्याला उद्या यातूनच पोट भरण्याचे साधन मिळेल. भीतीने दार लावून घेतले तर हे शिक्षण त्याला कोण देणार?

या शहरात श्रीमंत सयाजीरावांनी सक्तीच्या मोफत शिक्षणाचा कायदा १९०६ साली संस्थानभर लागू केला. राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषी कोश, सयाजी शासन शब्दकल्पतरू, हाही त्यांच्याच काळातला. कायदा लोकांना कळेल अशा भाषेत असावा, ही येथली जुनी रीत आहे. हा लेख त्याच वाटेवरचे एक छोटे पाऊल समजावे.

विश्वस्तांपुढे ठेवलेली सूचना

१. शाळेच्या मैदानावर कोणत्याही वजनाचा ड्रोन परवानगीवाचून उडवू नये. हे समारंभाच्या निमंत्रणपत्रिकेवरच छापावे.
२. ड्रोन तयार करणे, उघडणे, जोडणे विज्ञान कक्षात शिक्षकांच्या देखरेखीखाली चालू ठेवावे.
३. वर्षातून एक दिवस हिरव्या क्षेत्रातील शेतावर उड्डाण-शिबीर घ्यावे. आदल्या दिवशी आणि त्या सकाळी नकाशा पाहावा, जवळच्या पोलीस ठाण्यात मनाईच्या आदेशाची चौकशी करावी.
४. उडविणाऱ्याने ड्रोन नजरेआड होऊ देऊ नये. मुलांच्या डोक्यावरून तो जाऊ नये. वारा असेल तर उड्डाण रद्द.
५. उत्तरायणानंतरच्या पहिल्या रविवारी पालक आणि विद्यार्थ्यांनी मिळून मैदानाच्या झाडांवरचा मांजा काढावा. काच लावलेल्या आणि नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली आहे. पाखरांचे गळे त्याने कापले जातात, हे आपण जाणतोच.

एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्र शासनाने ड्रोनसाठी स्वतंत्र कायद्याचा मसुदा सूचनांसाठी जाहीर केला होता. नियम बदलत असतात. म्हणून हा लेख कापून भिंतीवर लावला तरी उडविण्याआधी मूळ नियम आणि नकाशा नव्याने पाहावा.

पुढील सभेत या पाच सूचनांवर निर्णय व्हावयाचा आहे. पालकांनी आपली मते लेखी स्वरूपात शाळेच्या कार्यालयात द्यावीत. नववीच्या विद्यार्थ्यांनाही त्या सभेत बोलावले आहे.

स्वाध्याय

१. आपले घर हवाई नकाशावर कोणत्या रंगात येते? विमानतळाच्या कुंपणापासून अंतर मोजून लिहा.
२. एका ड्रोनचे वजन १ किलो ८५० ग्रॅम आहे. त्यावर २०० ग्रॅमचा कॅमेरा बसविला. वर्ग कोणता? कोणत्या नव्या जबाबदाऱ्या आल्या?
३. एका मजल्याची उंची ३ मीटर धरल्यास ६० मीटर म्हणजे किती मजले?
४. संघसूचीतील २९ वी आणि राज्यसूचीतील पहिली नोंद यांचा ड्रोनशी संबंध पाच ओळींत सांगा.
५. आजी-आजोबांना विचारा: त्यांच्या लहानपणी पतंगाविषयी गल्लीत कोणते अलिखित नियम होते? त्यांतला एखादा ड्रोनलाही लागू करावा असे वाटते का? का?

उत्तरे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पाचव्या प्रश्नाची निवडक उत्तरे पुढील अंकात छापू.